बुधवार पेठ, घर नंबर एक

तुमच्या घराचा नंबर कोठे लिहिला आहे?

उत्तर द्यायला तुम्हाला क्षणही लागला नसेल. दाराच्या चौकटीवर, उजव्या अंगाला, छातीइतक्या उंचीवर. चुन्याचा पांढरा पट्टा आणि त्यावर काळे अक्षर, काळा आकडा. येता-जाता तो तुम्हाला दिसतही नाही. पण ज्याच्या घराला दारच नाही, त्याचा नंबर कोठे लिहायचा? आणि नंबर लिहायला जागा नाही, म्हणून तो माणूस गावात राहतच नाही असे ठरवायचे काय?

हा प्रश्न मी व्यासपीठासाठी घडवलेला नाही. तो मला एका बाईने माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारला होता.

मी दोन वर्षे एका नगरपालिकेत घरनंबर कारकून होतो. गाव सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलेच. नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गावाचे नाव छापले की बाकीच्या गावांना वाटते, आपण सुटलो. मी मूळचा साताऱ्याचा, शुक्रवार पेठेतला. अक्षरे शाळेत शिकलो, पण वाचायला शिकलो पत्रकांवर. बेचाळीस साली सकाळी दार उघडावे तो पायाशी घडी केलेला कागद पडलेला असे. शाई हाताला लागायची. त्या कागदांत ‘जनता’ हा शब्द प्रत्येक ओळीत असायचा. ही जनता राहते कोठे आणि तिच्या घराला दार असते की नसते, हे मात्र कोणत्याच पत्रकात नव्हते. ते मला नोकरीने शिकवले, आणि फार उशिरा शिकवले.

नंबर घालण्याचे काम बाहेरून पोरखेळ वाटते. तसे ते नाही. माझ्याबरोबर दादूमामा रंगारी असत. वय साठीचे, एका हातात चुन्याचा डबा, खांद्यावर पत्र्याच्या छापांची पिशवी. आम्ही पेठेच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या घरापासून निघायचो, एका बाजूने शेवटपर्यंत जायचो आणि दुसऱ्या बाजूने परत यायचो. आधी पेठेचे पहिले अक्षर, मग टिंब, मग आकडा. एका घराची दोन घरे झाली असतील तर आकड्यापुढे अ आणि ब. दादूमामा छाप धरायचे, कुंचला फिरवायचे, मी वहीत लिहायचो. एवढेच.

पण या एवढ्याशा कामात माणसे केवढी पेटत! एका घरात दोन सख्खे भाऊ होते, दोघेही वकील. मध्ये नवी भिंत, दोन दारे. थोरले म्हणाले, “अ-ब लिहाल तर वाटणी झाली असा पुरावा होईल. दावा चालू आहे. लिहायचं नाही!” धाकटे म्हणाले, “लिहाच. पण ‘अ’ त्याला आणि ‘ब’ मला, हे कोणत्या कायद्यानं?” ऊन डोक्यावर आले तरी दोघे ऐकेनात. शेवटी दादूमामांनी छाप खाली ठेवला.

“वकीलसायेब, मी मधल्या भितीवरच लिवतो. दोघांनी एकेका डोळ्यानं वाचा.”

दोघेही हसले नाहीत. पण नंबर भिंतीवर पडला आणि अजून तेथेच आहे. त्या दिवशी मी समजलो की लोक आकड्यासाठी भांडत नाहीत. आपण येथे आहोत हे सरकारच्या हातचे लिहून हवे असते, म्हणून भांडतात.

माझ्या वहीतला पहिला रकाना ‘पेठ’ हा होता. तो कोरा राहिला तर पुढचे काहीच लिहिता येत नसे. एकदा मी आमचे हेडक्लार्क बापूसाहेब यांना विचारले, “पेठ कोणती, हे ठरवतं कोण?”

बापूसाहेब जुन्या वळणाचे गृहस्थ. माझ्या खिशात नेहमी पत्रके असतात हे त्यांना माहीत होते, म्हणून ते मला ‘पत्रकवाले’ म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पत्रकवाले, साताऱ्याच्या पेठेत जन्मलात आणि पेठ म्हणजे काय ते ठाऊक नाही? पेठ म्हणजे आधी बाजार. घरं मागाहून. उजाड माळावर पेठ वसवायची तर राज्यकर्ते कौल देत. या, दुकानं मांडा, इतकी वर्षं जकात माफ, इतकी वर्षं वेठ माफ. बाजाराला शेटे-महाजन नेमून देत. व्यापारी आला, त्यामागं साळी आला, तेली आला, कासार आला. मग घरं उभी राहिली. बाजार ज्या वारी भरे त्या वाराचं नाव पेठेला पडे, असं आमचे आजोबा सांगत.”

तेथे सांगलीच्या वखारभागातला एक मिरचीचा व्यापारी जकातीच्या कामासाठी बसला होता. त्याची घरची बोली कानडी. तो म्हणाला, “आमच्यात ‘पेटे’ म्हणत्यात, सायेब. पेटेला जातो म्हंजी बाजारला जातो. तुमी आमचाच शब्द उचललाय.”

“उचलला असेल,” बापूसाहेब म्हणाले, “पण वापरला आम्ही जास्त. वाळवे तालुक्यात तर अख्ख्या गावाचंच नाव पेठ आहे.”

मी पुढे जाणत्यांना विचारून पाहिले. बहुतेकांचे मत त्या मिरचीवाल्यासारखेच पडले, की शब्द दक्षिणेकडून वर आला. बाजार हा पहिला अर्थ. बाजाराभोवतीची वस्ती हा दुसरा. शहराचा एक भाग हा तिसरा. आणि आता चौथा, आमच्या कचेरीतला: ज्याला हा रकाना भरता येतो तो गावातला, ज्याला येत नाही तो नव्हे. मला तो प्रवास चीड आणणारा वाटला. जो शब्द माळावरच्या माणसाला ‘ये’ म्हणण्यासाठी जन्मला, त्याच्याच आम्ही वेशी केल्या होत्या.

ही चीड खरी होती. तिचे मी काय केले, ते आता सांगतो.

युद्धाची वर्षे होती. धान्याला रेशन लागले होते. रेशनकार्ड घरनंबराच्या यादीवरून मिळे आणि ती यादी एका ठरलेल्या दिवशी बंद व्हायची होती. यादी बंद होण्याच्या काही दिवस आधी बनाबाई माझ्या टेबलाशी आली. वय चाळिशीच्या पुढचे, हातावर गोंदण, खांद्यावर काळे घोंगडे. माणदेशाकडून आलेल्या धनगरांची एक वस्ती जकातनाक्याबाहेरच्या माळावर होती, तेथली ती. नवरा मेंढरांमागे कोकणात उतरला तो तिकडेच तापाने गेलेला. मागे तीन मुली आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू.

“नंबर देणारं तुमीच न्हवं?”

“हो. घर कोणत्या पेठेत, मावशी?”

“नाक्याभायेर. माळावर.”

“तिथं पेठ नाही.”

“न्हाई? मग दर बुधवारी तुमच्या गावची बायामाणसं घोंगडी घ्यायला, लोकर घ्यायला कुठं येत्यात? सपनात व्हय?”

शेजारचे कारकून हसले. ती हसली नाही. तिने सगळे सांगितले. शेजारच्या खेड्याचा तलाठी म्हणाला, तुम्ही माझ्या गावात नाही. पालिकेचा माणूस म्हणाला, तुम्ही कोणत्याच पेठेत नाही. रेशनच्या टेबलावरून उत्तर आले, पेठ आणि नंबर आणा.

“आमी हाय तर कुठंतरी,” ती म्हणाली. “का न्हाईच?”

दुसऱ्याच दिवशी दादूमामांना घेऊन मी माळावर गेलो. उन्हाळा होता. बहुतेक माणसे मेंढरे घेऊन दूर गेलेली. जाताना ते लोक खोपीचे वासे, छप्पर, सगळे उतरवून घोड्यावर घालून नेतात. मागे राहतात ते फक्त चुलीचे तीन तीन दगड. अशा एकवीस चुली मी मोजल्या. सासूला चालवत नव्हते म्हणून बनाबाई मागे राहिली होती, आणि दुखणाईत मेंढ्या राखायला तिचा दीर म्हाकू. तिचे घर म्हणजे दोन काठ्यांवर ताणलेले पाल, आणि पुढे चूल.

दादूमामा छाप घेऊन उभे राहिले. “आता कुठं मारू? चौकट न्हाई, भित न्हाई.”

“काठीवर?” मी म्हणालो.

“काठी मोडती, पाल फाटतं,” बनाबाई म्हणाली. “ऱ्हातो त्यो दगूड. त्येच्यावर लिवा.”

म्हाकूने मला रीत समजावून दिली. तो शब्द न् शब्द मला आठवतो. “आवं, चुलीचं तीन दगूड हायती तवर ठाव त्या घरचा. दोन वरसं कुणी न्हाई आलं तरी दुसरा तितं पाल टाकत न्हाई. पर एक जरी दगूड घरच्यांनी आपल्या हातानं उचलला, तर ठाव सुटला. मग त्यो माळ देवाचा.”

म्हणजे मला माहीत होते. हे ध्यानात ठेवा.

राहिला प्रश्न पेठेच्या अक्षराचा. बापूसाहेबांचेच बोल माझ्या कानात होते: आधी बाजार, मग पेठ, आणि वाराचे नाव पेठेला. आमच्या गावात बुधवार पेठ नव्हती. मी दादूमामांना म्हणालो, “‘बु’ काढा.” त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पिशवीतून ‘ब’चा छाप काढला; उकार हाताने द्यायचा. बनाबाईच्या चुलीच्या मधल्या दगडावर चुन्याचा पट्टा ओढला आणि लिहिले, बु. १. संध्याकाळपर्यंत एकवीसही चुली झाल्या. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. कोणाच्याही फर्मानाशिवाय मी एक पेठ वसवली होती.

बापूसाहेबांनी वही पाहिली.

“ही पेठ कोणी दिली?”

“तुम्हीच सांगितलंत. आधी बाजार.”

त्यांनी वहीची ती पाने पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाले, “ओव्हरसियरला पाठवतो. जागेवर कायम वस्ती आहे असं त्यानं लिहिलं, तर मी टिपण करून वर ठेवीन. यादी बंद व्हायच्या आत.”

एवढे वचन बापूसाहेबांसारख्या माणसाने दिले, हे थोडे नव्हते.

ओव्हरसियर जायचा त्याच्या आदल्या दिवशी बनाबाई पुन्हा आली. रेशनच्या टेबलावरचा कारकून तिला म्हणाला होता, नंबर पडला असेल तर दाखला दाखव. तिने ते मला सांगितले. दाखला म्हणजे माझ्या हातची चार ओळींची चिठ्ठी: अमुक बाई, अमुक पेठ, अमुक नंबर, खाली सही. दौत समोर होती. पण त्या संध्याकाळी इस्लामपूरला सभा होती, मी बोलणार होतो, आणि मोटार सुटायची वेळ झाली होती. मी पत्रकांचा गठ्ठा सुतळीने बांधत होतो. गाठ बांधता बांधताच तिला म्हणालो, “मावशी, नंबराचा काहीतरी पुरावा दाखवा त्यांना. मी उद्या बघतो.”

माझ्या भाषणाचा विषय होता, ‘अन्न हा जनतेचा हक्क’. टाळ्या चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरी भरली होती. दाराशी गलका झाला म्हणून मान वर केली. बनाबाई येत होती. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर चुलीचा दगड. नाक्यापासून कचेरीपर्यंत, भर बाजारातून, ती तो घेऊन आली होती. घाम आणि काजळी मिळून गालावर ओघळ आले होते.

“उतरवा की रं कुनीतरी,” ती म्हणाली.

कोणी उठले नाही. ओसरीत छाप धूत बसलेले दादूमामा धावत आले आणि त्यांनी दगड उतरवून रेशनच्या टेबलावर ठेवला. बु. १ हे अक्षर वरच्या बाजूला होते.

तो कारकून मागे सरला. “आज दगड आणलास, उद्या भिंत आणशील का गं?”

“भित असती तर दार असतं. दार असतं तर तुमच्या दारात कशापायी आले असते?”

हशा झाला. मी टेबल सोडून पुढे गेलो. “मावशी, दगड उचललात? तुम्ही स्वतः?”

“तुमीच म्हनला न्हवं, पुरावा दाव,” ती म्हणाली. “तुमच्यासारक्यांना वाचता येईल असं माझ्यापाशी येवढंच हाय.”

ती अडाणीपणाने वागली, असे कचेरीतल्या सगळ्यांना वाटले. मला तसे वाटण्याची सोय नव्हती. दगड उचलला म्हणजे काय होते, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. घरात धान्य नव्हते. आमच्या रीतीपुढे तिने तिची रीत मोडली, एवढेच.

दुपारी ओव्हरसियर परत आला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने जे पाहिले ते लिहिले. एक पाल, पुढे मोडलेली चूल, बाकी ठिकठिकाणी दगड. त्याने म्हाकूला विचारले होते, हे घर कायमचे आहे काय? म्हाकू ‘व्हय’ म्हणाला असता तर काम झाले असते. पण चुलीपुढे उभे राहून खोटे बोलणे त्या माणसाच्या जिभेला ठाऊक नाही. तो म्हणाला, “काल हुतं. आज दगूड उचललाय. ठाव सुटला.” त्याखाली म्हाकूचा अंगठा होता, आणि त्याखाली ओव्हरसियरची ओळ: ‘पडाव. कायम वस्ती नाही.’

मी बापूसाहेबांशी तावातावाने भांडलो. ते ऐकून घेत राहिले.

“दोन दगडांवर पेठ बसत नाही हो,” ते शेवटी म्हणाले. “आणि तिसरा कचेरीत कोणामुळं आला, ते मला बोलायला लावू नका.”

यादी बंद झाली. ‘बु’ हे अक्षर तीत नव्हते. बनाबाई त्या दिवशी दुपार कलेपर्यंत ओसरीत, टेबलावरून तेथे हलवलेल्या दगडापाशी बसून होती. जाताना मला म्हणाली, “आता ह्यो कुठं ठिवू, तुमीच सांगा. चुलीवर ठिवता येत न्हाई, टाकवत न्हाई.” ती दगड तेथेच सोडून गेली. त्या पावसाळ्यात तिची सासू गेली. बनाबाई मुलींना घेऊन पलूसच्या अंगाला धान्यावर मजुरी करत हिंडली आणि वर्षभराने माळावर परतली.

माझी नोकरी महिन्याभरातच गेली. ठरावाशिवाय पेठ काढली, हा ठपका. त्याची मला खंत नाही. खंत वेगळीच आहे. नोकरी जाताच मी एक पत्रक लिहिले, छापले, वाटले. त्यात कारकुनाला झोडपले, ओव्हरसियरला झोडपले, सरकारला तर झोडपलेच. लोकांनी ते हातोहात नेले. त्या पत्रकात इस्लामपूरची सभा नव्हती, सुतळीची गाठ नव्हती, न लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी नव्हती. मी अन्यायाविरुद्ध लिहीत होतो आणि अन्यायात माझा हात किती होता तेवढेच वगळत होतो. आज ते येथे लिहून टाकतो आहे. पत्रक जितक्यांनी वाचले, त्याहून अधिकांनी हे वाचावे.

दगड मी कचेरीतून मागून आणला. तो साताऱ्यात माझ्या टेबलावर आहे. काजळी तशीच आहे, चुन्याचा पट्टा थोडा उडाला आहे, आकडा शाबूत आहे.

आता पुन्हा एक यादी होते आहे. प्रौढ मताधिकाराची. या वेळी धान्यापुरता प्रश्न नाही, या देशाची मालकी कोणाकोणाची हे लिहिले जाणार आहे. यादी करणारा माणूस दारोदार येणार आहे. लक्षात घ्या, दारोदार. म्हणून गेल्या महिन्यात मी दगड घेऊन त्या माळावर गेलो. दादूमामा बरोबर होते. बनाबाईचे पाल आता जुन्या जागेपासून तीसेक पावलांवर, एका बाभळीखाली आहे. जुन्या चुलीचे दोन दगड तसेच आहेत. त्यांना कोणी हात लावलेला नाही.

मी तिसरा दगड खाली ठेवायला वाकलो, तसा म्हाकू मध्ये आला.

“असा न्हाई बसत, दादा. शेजारच्या पाच घरची माणसं यावी लागत्यात. पाची जणांनी हात लावून म्हनायचं, ह्यो ठाव ह्या घरचाच. मग बसतो.”

“मग बोलवा की तुमच्यातली पाच.”

“आमच्यातली चालत न्हाईत. ती सारी भावकी. शेजार पायजे.” त्याने गावाकडे हात केला. “पर आमाला शेजार हाय का, ते आमाला तरी कुठं म्हाईत?”

बनाबाई पालापुढे लोकर पिंजत होती. वर न बघता म्हणाली, “इचारा तर खरं लोकांना. नंबर तर इचारलाच हुता की आमी.”

म्हणून विचारतो. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या बुधवारी, बाजार भरायच्या वेळी, मी दगड घेऊन त्या माळावर उभा असेन. त्यानंतर थोड्याच दिवसांत माणसे मेंढरे घेऊन निघतील, आणि यादीवाला आला तर त्याला तीन दगड दिसले पाहिजेत. दादूमामा येणार आहेत. बापूसाहेब आता निवृत्त झाले आहेत, त्यांना मी भीतभीतच विचारले, तर काठी उचलून म्हणाले, “पेठेचा कौल कधी ना कधी द्यायलाच हवा होता.” ही दोन घरे झाली. माझे घर साताऱ्याचे, त्या गावात मी शेजारी ठरत नाही. तीन घरे कमी आहेत.

तुम्ही त्या गावचे असाल तर माळ तुम्हाला ठाऊक आहे; तुमच्या घरात तिथले एखादे घोंगडे असेलच. तुम्ही या. गाव दुसरे असेल तर यादी करणारा दारी आला की आपले नाव सांगून दार लावू नका. त्याच्याबरोबर तुमच्या पेठेच्या शेवटच्या नंबरापर्यंत चाला, मग आणखी थोडे पुढे जा, आणि तेथे जे राहतात त्यांच्या दगडाला हात लावून त्याला सांगा, हे आमचे शेजारी आहेत, लिहून घ्या.